उत्तरार्ध

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता आम्ही बारा-पंधरा माणसे एका कुलूपबंद घराच्या ओट्यावर जपमाळ म्हणायला बसलो होतो. आमच्याकडे वसईत या महिन्यात मरियामातेची मूर्ती आळीतल्या घरांतून फिरते. आज या घरी, उद्या पुढच्या घरी, आणि ज्या घरी मूर्ती त्या घरी संध्याकाळी आळी जमते. आमच्या आळीची यादी कोणी तरी फार पूर्वी करून ठेवली आहे आणि ती घरांच्या क्रमाने चालते, माणसांच्या नव्हे. त्यामुळे माझी धाकटी काकी चार वर्षांपूर्वी मुलाकडे कॅनडात गेली, घराला कुलूप लागले, तरी तिच्या घराची पाळी दर वर्षी येतेच, आणि यादीतून ते घर वगळावे असे अजून कोणाच्या तोंडून निघालेले नाही. शेजारच्या घरातून वायर ओढून दाराच्या चौकटीवर एक दिवा टांगतात, कोणी चटया आणते, स्टुलावर पांढरा रुमाल पसरून त्यावर मूर्ती ठेवतात, तिला झेंडूचा हार घालतात आणि बंद दाराकडे तोंड करून सगळे बसतात. यंदा चुलतभावाने सुचवले की व्हिडिओ कॉल लावावा, म्हणजे आईलाही आपल्या घरच्या प्रार्थनेत बसता येईल. मिसिसागात तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. फोन माझा होता, म्हणून तो हातात धरून बसण्याचे कामही माझ्याकडे आले.

पहिले रहस्य, म्हणजे दहा मण्यांचा पहिला गट, सुरू झाले आणि काही मण्यांतच लक्षात आले की काकी मागे पडते आहे. 'नमो मारिये' ही प्रार्थना दोन तुकड्यांत म्हटली जाते. सांगणारा पूर्वार्ध म्हणतो आणि 'हे पवित्र मारिये'पासूनचा उत्तरार्ध बाकीच्यांनी उचलायचा असतो. आमचा पूर्वार्ध समुद्र ओलांडून काकीपर्यंत जाणार, ती उत्तर देणार, आणि ते उत्तर पुन्हा तेवढेच अंतर तोडून परत येणार. यात फार तर दोन-तीन सेकंद जात असतील, पण आमचा उत्तरार्ध संपून पुढच्या मण्याचा पूर्वार्ध मध्यावर आला की त्यावर काकीचा 'आमेन' येऊन आदळे. सांगणाऱ्या मुलीची लय तुटू लागली. मागे बसलेली दोन पोरे तोंडावर हात धरून हसू लागली. पलीकडच्या सोसायटीत गरब्याचा ध्वनिक्षेपक नुकताच सुरू झाला होता आणि त्याच्या ठेक्यावर काकीचा एकाकी, घोगरा स्वर चढत-उतरत होता. माझ्या शेजारच्या मामींनी माळेवरची बोटे न थांबवता माझ्याकडे एकदा रोखून पाहिले. दुसऱ्या रहस्याच्या तिसऱ्या की चौथ्या मण्याला मी फोनच्या कडेचे बटण दाबत आवाज शून्यावर नेला.

मग सगळे सुरळीत झाले. पडद्यावर काकीचे ओठ हलत राहिले, तिच्या मागे खिडकीत लाल पानांचे एक झाड होते, आणि आमची माळ न अडखळता पाचव्या रहस्याच्या शेवटाला पोहोचली. मरियेच्या एकेका नावाला उत्तर देत म्हणायची लितानी झाली, गाणे झाले, उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे कागदी बशांतून फिरू लागले. मी बाजूला जाऊन आवाज पुन्हा वाढवला, तेव्हा काकी डोळे पुसत होती. "माझा आवाज येत होता ना रे सगळ्यांना?" तिने विचारले.

"हो काकी, अगदी स्वच्छ," मी म्हणालो.

पाच रहस्यांच्या जपमाळेत 'नमो मारिये' ५३ वेळा येते. सुरुवातीचे ३ मणी आणि मग दहा-दहाचे पाच गट. प्रत्येक वेळी आपण स्वतःला पापी म्हणवून घेतो आणि आता व मरणाच्या वेळी आपल्यासाठी विनंती कर, असे मागतो. ५३ वेळा असे म्हणून झाल्यावर पहिले वाक्य मी बोललो ते धडधडीत खोटे होते. तरीही मला डाचत राहिले ते खोटे नव्हे. अशी खोटी वाक्ये आपण म्हाताऱ्या माणसांशी रोज बोलतो आणि बहुधा त्यांनाही ती कळतात. मला डाचत होते ते बटण. काकीला त्या घराशी जोडून ठेवणारी एकच गोष्ट त्या संध्याकाळी शिल्लक होती, आणि ती म्हणजे प्रार्थनेचा उत्तरार्ध. तोच मी तिच्याकडून काढून घेतला होता.

माझ्या बाजूनेही बोलण्यासारखे काही आहे, आणि ते मी मनाशी पुष्कळदा बोलून पाहिले. जपमाळ ही लयीची प्रार्थना आहे. शब्द तर सगळ्यांना पाठ असतात, तेच ते असतात, आणि मन त्यांच्यावर फार वेळ टिकत नाही. दहाव्या मण्यापर्यंत कोणाच्या डोक्यात गॅसवर ठेवलेले दूध असते, कोणाच्या डोक्यात मुलीची फी. मनाला पुन्हा पुन्हा ओढून आणते ती लय. एका बाजूने वाक्य उठते, दुसऱ्या बाजूने ते झेलले जाते, आणि बोटांखालचा मणी पुढे सरकतो. भात झोडताना किंवा वल्ही मारताना जसा एकाचा हात चुकला तर सगळ्यांचा चुकतो, तसेच इथेही आहे. पंधरा माणसांची लय एकासाठी मोडू द्यायची का? त्या संध्याकाळी माझ्या बोटाने त्याचे उत्तर देऊन टाकले, आणि ते उत्तर चुकीचे होते असे मला आजही पूर्णपणे वाटत नाही.

आजीला लयीची एवढी काळजी करावी लागत नसे, कारण ती पुष्कळदा एकटीच जपमाळ म्हणे. तिची माळ काळ्या लाकडी मण्यांची होती आणि लाल लुगड्याच्या कमरेशी खोचलेली असे. दुपारी घरातली कामे उरकली की ती केळीच्या वाडीत जाई. विहिरीवरचा रहाट तेव्हा बंद पडून पंप आला होता, पण पाटाचे पाणी तसेच वाहत असे, आणि पाटाच्या कडेने एका अळ्याकडून दुसऱ्या अळ्याकडे जाताना तिच्या तोंडी जपमाळ चाले. मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा तिला शोधत वाडीत गेलो, तर मला दोन बायकांचे आवाज ऐकू आले. एक ताठ, जरा हुकमी. दुसरा खालच्या पट्टीतला, विनवणीचा. केळीच्या पानांआडून आजी दिसली, दुसरी बाई मात्र दिसेना. मी दोन-तीन खुंटांभोवती फिरून शोधले आणि शेवटी तिलाच विचारले, तेव्हा ती खूप हसली. पूर्वार्ध ती एका आवाजात म्हणत असे आणि उत्तरार्ध दुसऱ्या. उत्तर द्यायला कोणी नसेल तर आपणच आपल्याला उत्तर द्यायचे, प्रार्थना अर्धी ठेवून पुढच्या मण्यावर जायचे नाही, असे तिने मला सांगितले. आणि मग मी आलोच आहे तर उत्तरे मी द्यावीत म्हणून माझा हात धरून मला पाटाच्या कडेने चालवले. ओल्या मातीचा, कुजलेल्या केळीच्या सालींचा आणि तिच्या पदरातल्या तंबाखूचा वास आजही माझ्या 'हे पवित्र मारिये'ला चिकटलेला आहे.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. जपमाळ मुळात तिच्यासारख्यांचीच. मठांतले संन्यासी बायबलमधली १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना अक्षर येत नव्हते ते त्यांच्याऐवजी तेवढ्याच वेळा पाठ असलेली प्रार्थना म्हणत आणि मोजदादीसाठी दोरीत मणी ओवत. पुढे दहा-दहांचे १५ गट झाले, प्रत्येक गटाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग जोडला गेला, आणि त्या प्रसंगांना आपण रहस्ये म्हणू लागलो. पण मला गंमत वाटते ती 'नमो मारिये'च्या घडणीची. तिचे दोन तुकडे नुसते म्हणण्याच्या सोयीने पडलेले नाहीत. ते दोन वेगळ्या वयांचे आहेत. पूर्वार्ध थेट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातून येतो. देवदूताने मरियेला केलेले अभिवादन आणि तिला भेटल्यावर तिची नातलग एलिझाबेथ हिच्या तोंडून निघालेले उद्गार, एवढे जोडले की तो झाला. ही प्रार्थना बराच काळ त्या अभिवादनापाशीच संपे. आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, हे मागणे मागाहून तिच्यामागे येऊन उभे राहिले, आणि आज आपण म्हणतो त्या रूपात ते १५६८ साली पोप पाचव्या पायस यांच्या काळातल्या रोमन प्रार्थनापुस्तकात पक्के झाले. पूर्वार्ध देवदूताचा आणि उत्तरार्ध माणसांचा, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच की काय, सांगणारा एकटा असतो आणि उत्तर देणारे पुष्कळ असतात.

याच पाचव्या पायस यांच्या काळातली दुसरी गोष्ट मला लहानपणी फार आवडे आणि आता ती सांगताना जीभ जरा अडखळते. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती राज्यांच्या आणि ऑटोमन तुर्कांच्या आरमारांची लढाई झाली. ख्रिस्ती आरमार जिंकले, त्या विजयाचे श्रेय पोपनी जपमाळेला दिले आणि त्या दिवसाचा सण झाला. ७ ऑक्टोबरचा जपमाळेच्या राणीचा सण तो हाच. वसई तेव्हा ३७ वर्षे पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, म्हणजे आमचे कोणी पूर्वज बहुधा त्याच सुमारास ही माळ बोटांत धरायला शिकत असतील. पाटाच्या कडेने चालणाऱ्या आजीच्या माळेला तोफांचा धूर कुठे तरी लागलेला आहे, हे मोठेपणी कळल्यावर मी काही दिवस अस्वस्थ होतो. पण लढायांचे म्हणाल तर आमच्या गावाला त्या काही नवीन नाहीत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक अजून आहे. एकदा गोदावरीकाठी उभा राहून मी ती पाहिली होती. आपल्या गावची घंटा परक्या ठिकाणी टांगलेली पाहून राग यायला हवा होता की अभिमान वाटायला हवा होता, हे मला ठरवता आले नाही. ती वाजावी आणि आपल्याला ऐकू यावी, एवढेच तेव्हा वाटले होते. ती वाजली नाही.

संपूर्ण ऑक्टोबर महिना जपमाळेला मिळाला तो त्या मानाने अलीकडे. तेराव्या लिओ या पोपनी १ सप्टेंबर १८८३ रोजी एक परिपत्रक काढले आणि येत्या १ ऑक्टोबरपासून २ नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे प्रत्येक चर्चच्या परिसरात, जपमाळेचे पाच गट म्हणावेत, त्यांना लोरेटोच्या लितानीची जोड द्यावी, असे फर्मावले. परिपत्रके येतात आणि जातात, हे मात्र टिकले. आमच्या आळीत तर ते अशा ठिकाणी मुरले आहे की त्याला रोमहून आलेले काही म्हणणे विचित्र वाटते. पाऊस ओसरलेला असतो, भात कापणीला आलेले असते, दुपारी अंगाची लाही होते आणि संध्याकाळी ओट्यावर वारा येतो. माणसांनी रोज एकमेकांच्या घरी जाऊन बसावे असा वर्षातला हाच काळ. बाजूला नवरात्र असते. एका मातेसमोर घट आणि दुसरीसमोर मेणबत्ती, हे दृश्य आमच्या भागात कोणाला खटकत नाही, फक्त ध्वनिक्षेपक जरा हळू असावा असे वाटते.

हे सगळे बदलाविना चालत आले आहे, असे मात्र नाही. आजीच्या लहानपणी लितानी लॅटिनमध्ये होती. तिला त्यातले एक अक्षर कळत नव्हते, पण प्रत्येक नावापुढे 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आम्हांसाठी विनंती कर, असे म्हणायचे हे ठाऊक होते, आणि तिच्या तोंडून ते 'ओरापनोबी' असे एका दमात येई. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रार्थना मराठीत आल्या तेव्हा ती खूश झाली का, असे मी तिला एकदा विचारले होते. आता कळते, म्हणून लाज वाटते, असे काहीसे ती म्हणाली होती. पूर्वी आपण कोणाला काय म्हणतो आहोत याची जबाबदारी आपल्यावर नव्हती, असा तिचा अर्थ असावा. २००२ साली पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली आणि ती गुरुवारी म्हणण्याची पद्धत पडली. आमच्या शेजारच्या मामींना ती अजून पटलेली नाहीत. त्या १५ रहस्यांवर वाढल्या, आणि पूर्वी गुरुवारी आनंदाची रहस्ये असत, म्हणून दर गुरुवारी त्या आळीबरोबर प्रकाशाची रहस्ये म्हणतात आणि घरी जाऊन झोपण्याआधी आनंदाची पुन्हा एकट्याने म्हणतात. हिशेब दोन्हीकडे चोख.

मी बटण दाबले ते प्रकाशाच्या दुसऱ्या रहस्यात, म्हणजे काना गावच्या लग्नाच्या रहस्यात. भर लग्नात द्राक्षारस संपतो. यजमानांची अब्रू जाण्याची वेळ आलेली असते, आणि ते सगळ्यांच्या आधी मरियेच्या लक्षात येते. ती मुलाजवळ जाऊन एवढेच म्हणते की त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. चार-चार दिवस लग्ने करणाऱ्या आमच्या लोकांना या प्रसंगाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पंगतीत काय कमी पडले हे ओट्यावर बसल्या बसल्या ओळखणारी एक तरी बाई प्रत्येक मांडवात असते. आमच्या मांडवांत ती बाई धाकटी काकी असे.

त्या रात्री लितानीतही एक गोष्ट झाली, जी मला दुसऱ्या दिवशी आठवली. २०२० च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी लोरेटोच्या लितानीत मरियेची तीन नवी नावे घातली, आणि त्यांतले एक स्थलांतरितांना दिलासा देणारी अशा अर्थाचे आहे. आमच्या आळीच्या जुन्या पुस्तिकेत ती तिन्ही कोणी तरी निळ्या शाईने समासात लिहून ठेवली आहेत. सांगणारी मुलगी समासापाशी आली, पुस्तिका दिव्याकडे तिरपी धरून तिने ते नाव वाचले, आणि आम्ही सगळ्यांनी 'आम्हांसाठी विनंती कर' असे उत्तर दिले. काकीचा आवाज तेव्हाही शून्यावरच होता.

आमच्या आळीत आता पाच घरांना कुलूप आहे. दोन घरची माणसे आखातात, एका घरची ऑस्ट्रेलियात, एक कुटुंब मीरा रोडला फ्लॅट घेऊन गेले आणि काकी कॅनडात. त्या पाच संध्याकाळी आम्ही बंद दारांसमोर बसतो. कुलपे गंजू नयेत म्हणून त्यांना तेल घालणारा एक जण आहे, अंगण झाडणारी एक जण आहे, आणि चणे कोणी उकडायचे यावरून दर वर्षी थोडी कुरबूरही होते. मला पूर्वी यात नुसता हट्ट दिसत असे. दार उघडणारे कोणी नाही तर मूर्ती तिथे नेऊन काय साधते, असे मी एका बैठकीत बोलूनही दाखवले होते. मामींनी तेव्हा मला विचारले होते की मूर्ती घराकडे येते की घरमालकाकडे. मी गप्प बसलो होतो, पण ते मला पटले होते असे नाही.

ऑक्टोबर संपता संपता मी काकीला फोन केला. निमित्त होते २ नोव्हेंबरचे. त्या दिवशी आम्ही दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतो, मेणबत्त्या लावतो. काकांची कबर झाडून घेण्याचे काम काकी गेल्यापासून माझ्याकडे आहे. कोणती फुले आणायची, क्रूसाला रंग द्यायचा का, असे बोलणे झाले. तिकडे हीटर सुरू असावा, त्याची घरघर येत होती. मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत जातात, मग ती खिडकीपाशी बसून जपमाळ म्हणते, असे तिने सांगितले. "पुढचे मीच, मागचे मीच," ती म्हणाली. मला केळीच्या पानांआडचे ते दोन आवाज आठवले आणि मी एकदम बोलून गेलो. त्या गुरुवारी तुझा आवाज मी बंद केला होता, कोणाला ऐकू आला नाही, तुला खोटे सांगितले.

पलीकडून काहीच आले नाही. ती दुखावली आहे की माझे वाक्य अजून वाटेत आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

मग काकी हसली. "अरे, मी या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा तुझी आजी मला माळेला शेजारी बसवायची. मी पुढे पळायची. सांगणाऱ्याचे संपायच्या आत माझे उत्तर सुरू. चार दिवस तिने ऐकून घेतले आणि पाचव्या दिवशी मांडीला चिमटा काढून म्हणाली, तू मनात म्हण." ती पुन्हा हसली, मग तिला खोकला आला. "तेव्हा पुढे जात होते, आता मागे पडते. तुमच्या घरात माझे कधी जुळायचेच नाही."

मी तिला म्हणालो की आता आपण दोघेच म्हणू, पूर्वार्ध मी सांगतो, तू सावकाश उत्तर दे, मी थांबेन. ती माळ आणायला उठल्याचा आवाज झाला, खुर्ची सरकली. त्या दिवशीही गुरुवार होता. कोणती रहस्ये घ्यायची असे मी विचारले, तर ती म्हणाली आनंदाची, तुमची ती नवी नकोत. मी पहिला पूर्वार्ध म्हटला आणि थांबलो. दोन सेकंद, तीन सेकंद, हीटरची घरघर, मग तिचा आवाज. दहा मण्यांचा एक गट संपायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. तिसऱ्या रहस्यात माझे मन पुन्हा भरकटले आणि मी तिच्या आमेनची वाट न पाहता पुढचा मणी धरला. ती काही बोलली नाही, तिने आपले वाक्य पूर्ण केले आणि मला सुरुवात पुन्हा करावी लागली.

"दोन तारखेला मेणबत्त्या जास्तीच्या ने," फोन ठेवताना ती म्हणाली. "काकांच्या त्या कोपऱ्यात वारा फार असतो."